राजी, तू पळाली होतीस

राजी, तू गेल्याच्या सहाव्या दिवशी तुझी पद्मा मला म्हणाली, "मावशी, आईनं त्या दिवशी पळून जायला पाहिजे होतं. मागचं दार उघडं होतं. माझा एवढासा जरी विचार केला असता ना, तर ती पळाली असती."

आम्ही दोघी तुझे कपडे निवडत बसलो होतो. ठेवायचे एकीकडे, द्यायचे एकीकडे. तिनं हे रागानं म्हटलं असतं तर काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली असती, त्या कामात मी पटाईत आहे. पण ती लुगड्याची घडी घालता घालता म्हणाली, आमटीत मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. चाळीस वर्षं मनात घोळवलेली गोष्ट माणूस अशीच बोलतं.

मी "हं" म्हणाले. माझी बडबड झोपेतसुद्धा थांबत नाही अशी माझी सुनांमध्ये ख्याती, आणि मी नुसतं "हं" म्हणाले.

तू कधी जन्मलीस, मागे कोण कोण ठेवलंस, ते सगळं पेपरात येऊन गेलं. त्यात तुला 'मितभाषी' म्हटलंय. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. राजी, तू आणि मितभाषी. सकाळी नळ यायच्या आधी तुझा आवाज यायचा. पण मग वाटलं, एका बाबतीत छापणाऱ्याचं बरोबर आहे. एका बाबतीत तू जन्मभर तोंड उघडलं नाहीस. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. तुला सगळं माहीत आहे. पद्माला नव्हतं.

सोलापुरात भवानी पेठेत आपली घरं पाठीला पाठ लावून. तुझं तोंड एका बोळात, माझं दुसऱ्या बोळात, आणि मधल्या भिंतीत एक दार. कडी माझ्या बाजूला. त्या दारातून दिवसभर वाट्या जायच्या-यायच्या, पोरं जायची-यायची, तुमचं तेलुगू इकडे यायचं आणि माझं शहाणपण तिकडे जायचं. दाराला कडी लावायची पद्धत नव्हती. सासूबाई सोवळ्याच्या, पण त्यांनीसुद्धा कधी लावली नाही.

तेव्हाची मी कशी होते ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. बत्तीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि बोळातल्या सगळ्या सुनांत आपणच काय त्या शिकलेल्या अशी ठाम समजूत असलेली. बिननंबरचा चष्मा लावून हिंडायचे. तू "हाय" म्हणालीस की "आहे म्हण" म्हणून तुला टोकायचे. तू म्हणायचीस, "बरं अक्का, आहे. पण तू हायस." आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिचा चष्मा काढून घेईन आणि तिला दोन रट्टे देईन.

त्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. पंचवीसेक बायका. मी उखाणा घेतला, आठ दिवस घोकलेला:

"चादरीच्या घडीत घडी, घडीत ठेवला कापूर,
बाळासाहेबांचं नाव घेते, माहेर माझं तुळजापूर."

आणि तू कोपऱ्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "अक्का, गेल्या सालीबी तुळजापूरच होतं की. आता तरी माहेर बदल."

बायका हसल्या. एकीच्या हातातलं वाण सांडलं इतकी हसली. मीही हसले, दात दाखवून. सगळ्या गेल्यावर मधल्या दाराला कडी घातली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. कडी गंजलेली होती, बसेना. मी वरवंट्यानं ठोकून बसवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. राग मोठा होता म्हणून नव्हे, इतक्या छोट्या रागासाठी वरवंटा लागला म्हणून.

दोन दिवस कडी तशीच. तू एकदा दारापाशी येऊन परत गेलीस, ते मला पावलांवरून कळलं. मनात म्हटलं, येईल माफी मागायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुझा थोरला दीर आला.

तुझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. त्याचे दोन हातमाग तू एकटी चालवत होतीस, आणि दिराचं म्हणणं, माग बापाचे, बाईनं चालवायचे नाहीत. दोनदा येऊन शिव्या देऊन गेला होता. त्या दिवशी तो पिऊन आला, पुढचं दार आतून लावलं आणि हातात लोखंडी गज घेऊन तुझ्यासमोर उभा राहिला. पद्मा शाळेत होती, एवढं एक बरं. हे सगळं नंतर सगळ्यांना कळलं, कोर्टातही आलं. कोर्टात आलं नाही ते असं.

मी आरशासमोर होते. वेणीचा तिसरा पेड हातात. मधलं दार वाजलं. तुझी नेहमीची बोटांची टकटक नव्हे, अंग टाकल्यासारखं. कडी हलली. परत एकदा वाजलं. आणि मी आरशातल्या बाईला म्हणाले, आली. वाजवू दे जरा. तिसऱ्यांदा वाजवलं की उघडू.

तिसऱ्यांदा वाजलं नाही.

तुझी हाक मला ऐकू आली नाही. आजूबाजूच्या घरांतून मागांचा खडखडाट चालू होता, त्या वेळी कानात बोललेलंही कळायचं नाही. राजी, बाकी कशावर ठेवू नकोस, पण एवढ्यावर विश्वास ठेव. हाक ऐकली असती तर मी उघडलं असतं. बहुतेक उघडलं असतं. बघ, आजही 'बहुतेक' आल्याशिवाय राहत नाही.

मग किंकाळी आली. पुरुषाची. ती मागांच्या वरून आली. मी कडी काढायला गेले तर ती निघेना; दोन्ही हातांनी ओढून काढली आणि धावत आत आले. तो खाली बसलेला, डोळ्यावर हात, बोटांमधून रक्त. गज त्याच्या पायाशी. तू मागाला पाठ लावून उभी, हातात धोटा. विणताना सुतातून इकडून तिकडे पळणारा तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. तुझ्या खांद्यावर गजाचा वळ उठत होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मग माझ्या मागच्या उघड्या दाराकडे पाहिलंस.

पोलीस आले तेव्हा दार सताड उघडं होतं. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

त्याचा डोळा गेला. तुझ्यावर खटला उभा राहिला. सगळी पेठ म्हणत होती, काही होणार नाही, घरात घुसून मारायला आला होता, बाईनं स्वतःला वाचवलं. आणि खरंच काही झालं नसतं. मी साक्षीला गेले नसते तर.

सरकारी बाजूनं माझं नाव दिलं होतं, कारण सगळ्यांत आधी मी पोचले होते. मी इरकल नेसून गेले. अर्थात चष्मा लावून. आदल्या दिवशी यांना समोर बसवून मी साक्षीची तालीम केली होती. हे म्हणाले, "जे झालं तेवढं सांग, गॅदरिंग नाही ते." ते आणि सासूबाई मागच्या बाकावर बसले होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, "दोन्ही घरांच्या मध्ये दार आहे?"

"आहे."

"ते बंद असतं का?"

आणि मी शपथेवर, शुद्ध मराठीत म्हणाले, "त्या दाराला कडी कधीच लागत नाही, साहेब. आमच्यात तशी पद्धतच नाही."

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा."

मला वाटलं मी तुझी बाजू भक्कम करते आहे. शेजारीपाजारी इतका जिव्हाळा, म्हणजे बाई किती चांगली. पण ते अर्धं. उरलेलं अर्धं हे, की मागच्या बाकावर सासूबाई होत्या, कोर्टाच्या दारात पेठेतल्या बायका होत्या, आणि उखाण्यावर हसली म्हणून हिनं कडी लावली, हे सगळ्यांना कळलं असतं. कळलं असतं तर त्या हसल्या असत्या. एवढंच. फाशी नव्हती होणार. हसल्या असत्या.

सरकारी वकील म्हणाले, "म्हणजे आरोपीला सुखरूप बाहेर पडायला वाट होती," आणि खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचं उरलंच नव्हतं. तुझे वकील उठले. बिचारे घाम पुसत म्हणाले, "बाई, नीट आठवून सांगा. त्या दुपारी दार नक्की उघडं होतं?" मला दुसरी संधी होती. मी चष्मा नीट केला आणि म्हणाले, "मला माझ्या घराचं दार माहीत नसेल का?"

नंतर न्यायाधीशांनी तुला विचारलं. शेजारीण म्हणते दार उघडं होतं, यावर तुमचं काय म्हणणं आहे. तू एक वाक्य बोलायचं होतंस, बंद होतं, मी वाजवलं. तू खाली बघत राहिलीस. मग म्हणालीस, "ती म्हणती ते खरं. घर माझं हाय. मी कशाला पळू?"

त्या वेळी पाठीमागे कुणीतरी "शाब्बास" म्हणालं. मीही मनात म्हणाले. इतकी मूर्ख होते. तू मला सोडवलंस हे माझ्या डोक्यात शिरायलाच चार दिवस लागले, आणि शिरल्यावर पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटले. खूप वर्षांनी शरम वाटली. आधी सुटकाच वाटली.

खालच्या कोर्टानं म्हटलं, वाट असताना बाई थांबली आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली. अपिलात निकाल फिरेपर्यंत तुझे अकरा महिने आत गेले. तुझे माग बंद पडले, सुतावर धूळ बसली. पद्मा आठ वर्षांची. मी म्हणाले, माझ्याकडे राहू दे तिला. भेटीच्या जाळीपलीकडून तू म्हणालीस, "नको अक्का. तुझ्याकडं राहिली तर रोज त्या दारातनं आपल्या घराकडं बघंल." मग ती टेंभुर्णीला तुझ्या बहिणीकडे गेली. शाळेचं वर्ष बुडालं. तू सुटून आलीस तेव्हा ती तुझ्या जवळ येईना. बहिणीच्या पदरामागून बघत राहिली, पाहुण्या बाईकडे बघावं तसं. ते मी दारात उभी राहून पाहिलं.

वरच्या कोर्टाचा निकाल तुझ्या वकिलांनी आपल्याला चहा पीत समजावून सांगितला होता. हत्यार घेऊन अंगावर आलेल्या माणसासमोर बाईनं पळालंच पाहिजे अशी कायद्यात सक्ती नाही. पोलिसांकडे जायला सवड असेल तर हात उचलू नये, गरजेपेक्षा जास्त मारू नये. पण गज डोक्यावर असताना कोणी तराजू घेऊन बसत नाही. दार उघडं होतं की बंद, याला फार महत्त्व नाही.

मी ते वाक्य उचललं आणि देवघरात ठेवल्यासारखं जपलं. दाराला महत्त्व नाही. कायदाच म्हणतो. मग मी कशाला बोलू?

पुढं मी कायद्याचं मराठी पुस्तक आणलं, आठवतं? कलमं पाठ केली. दुपारी तुझ्याकडे येऊन तुलाच शिकवायचे. स्वसंरक्षणाचा हक्क कधी सुरू होतो, कधी संपतो. दुसऱ्याच्या जिवासाठीही वापरता येतो. तू सुताच्या कांड्या भरत ऐकायचीस. एकदा म्हणालीस, "अक्का, तू वकील झाली असतीस तर निम्मं सोलापूर आत असतं." मी हसले आणि पुस्तक मिटून घरी आले.

आणि आपला तो वाद. मी म्हणायचे, तू पळाली नाहीस तेच बरोबर, स्वतःच्या घरातून माणसानं का पळावं. तू म्हणायचीस, "पळण्यात काय हाय वाईट? पिसाळलेलं कुत्रं आलं तर पळतोच की." मी म्हणायचे, मग कोर्टात तसं का बोललीस? तू कांडी पुरी भरायचीस, दोरा तोडायचीस आणि म्हणायचीस, "चहा ठेव." दरवर्षी एकदा तरी हा वाद व्हायचा. दरवेळी मीच उकरून काढायचे. का? तू कधीतरी बोलशील, मला घालूनपाडून बोलशील, आणि मोकळं होईल, म्हणून. तू काही केल्या ती मेहरबानी केली नाहीस.

पद्माची मुलगी कॉलेजला जायला लागली तेव्हा तू तिला माझ्यासमोर सांगत होतीस, "कुणी अंगावर आलं तर आधी पळायचं. शूरपणा नंतर. दार उघडं असंल तर पळायचं. नसंल तर मग हातात येईल ते." पोरगी "हो गं आजी" म्हणून मोबाइलमध्ये बघत होती. मी मात्र तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्या दिवशी मला पक्कं कळलं की दार वाजलेलं ऐकूनही मी उघडलं नव्हतं, हे तुला पक्कं ठाऊक आहे. आणि मी विषय बदलला. मी म्हणाले, वांगी काय भाव झालीत बघ.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी ठरवून आले होते. पद्मा औषध आणायला खाली गेली होती. मी खुर्ची ओढली, म्हणाले, "राजी, ते दार..."

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "अक्का, उखाणा घे की एखादा."

"इथं?"

"घे की."

मी घेतला. चादरीची घडी, कापूर, तुळजापूर. तू हसायला लागलीस, हसता हसता खोकला आला, नर्स धावत आली आणि मला ओरडली. तुझा हात माझ्या मनगटावर होता. तू बोलू दिलं नाहीस ते माझ्यासाठी की तुझ्यासाठी, हे मला विचारायचं होतं. तेही राहिलं.

तू काय वाचवलंस, राजी? माझी अब्रू? चार बायका हसल्या असत्या, त्यापासून? त्याच्यापायी अकरा महिने आणि पोटच्या पोरीचं मन? मला कधी कधी तुझा राग येतो. इतकं मोठं कुणी कुणासाठी करू नये. ज्याच्यासाठी केलं त्याला नीट उभंसुद्धा राहता येत नाही मग.

परवा तुझे दिवस झाले. पाहुणे गेले. पद्मा तुझ्या मागांच्या जागी मशीन मांडून शाळेचे गणवेश शिवते, ती मशीनवर बसली होती. मी समोर स्टुलावर बसले. चष्मा काढून ठेवला. आता खरा नंबर आहे त्याला, काढला की समोरचं माणूस धूसर होतं. तेवढी पळवाट मी घेतली, खोटं कशाला सांगू. मग पुन्हा घातला.

म्हणाले, "पद्मा, ते दार बंद होतं. कडी मी लावली होती. तुझी आई पळाली होती. माझ्या दारापर्यंत आली होती. दोनदा वाजवलं, मी ऐकलं आणि उघडलं नाही. कोर्टात मी खोटं बोलले."

मशीन थांबलं.

"कडी कशाला लावली होती?"

"ती माझ्या उखाण्यावर हसली होती."

"उखाण्यावर," ती म्हणाली. हातातली कॉलर तिनं उलटी करून पाहिली, सुलटी केली. "म्हणजे ती पळाली होती."

"हो."

"मी तिला दिवाळीतसुद्धा बोलले, मावशी. तोंडावर. म्हणाले, तुला तुझा ताठा माझ्यापेक्षा मोठा होता. ती काही बोलली नाही. भांडी घासत राहिली."

"नाही बोलली."

"तुमच्यासाठी नाही बोलली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते द्यायचा अधिकार मला आहे असं वाटलं नाही.

पद्मा रडली. तू गेलीस तेव्हा रडली नव्हती, लोक कुजबुजत होते त्यावरून. आता रडली, कॉलर तोंडावर धरून. मी हात पुढे केला तर ती मागे सरकली. म्हणाली, "तुम्ही आता घरी जा, मावशी." 'तुम्ही' ती नेहमीच म्हणते. पण या वेळचं वेगळं होतं.

मी उठले. गुडघ्यांमुळे मला उठायला वेळ लागतो. एरवी ती धावून हात देते. दिला नाही. बरोबर केलं तिनं. उंबऱ्यापर्यंत येताना कान मागे होते, हाक मारेल म्हणून. मारली नाही. बोळाला वळसा घालून पुढच्या दारानं घरी आले तेव्हा सुनेनं विचारलं, "आई, चेहरा असा का?" मी तिलाही सांगितलं. मग मुलाला. संध्याकाळी समोरच्या बाईला. पहिल्यांदाच सांगताना वाक्यं जुळवावी लागली नाहीत. हे छापून आलं तर बाकीच्यांनाही कळेल. कुणी हसेल, कुणी थुंकेल.

पद्मा मला बोलेल की नाही, ठाऊक नाही. तिच्या हातात आहे ते. तू असतीस तर तिला बाजूला घेऊन म्हणाली असतीस, म्हातारी हाय, जाऊ दे की. तुझा आवाज मला ऐकू येतोय.

नको, राजी. या खेपेला मला वाचवू नकोस.